सुखदेवकाकांच्या पोरी

सुखदेवकाका दारात आलेल्या माणसाला आधी हुंगतात, मग बसा म्हणतात. अत्तर, पावडर, डासांची अगरबत्ती, कशाचाही वास आला की पाहुणा अंगणातच. लेकीला पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी आधी न्हाणीकडे धाडलं होतं, हे आमच्या उंद्री गावात अजून हसून सांगतात. लग्न तरीही जमलं. लेक पुण्याला गेली, काकू देवाघरी गेल्या आणि घरात काका न् त्यांच्या गांधीलमाश्या उरल्या.

चावणाऱ्या नव्हेत हो. टाचणीच्या माथ्याहून बारीक. काका त्या पतंगाची अंडी चिकटवलेल्या कार्डांवर वाढवतात. कार्ड कपाशीच्या पानाखाली टाचलं की त्या बाहेर पडतात, बोंडअळीची अंडी हुडकतात आणि त्यांतच आपली अंडी घालतात. अळी जन्मायच्या आधीच खलास! काका त्यांना ‘माह्या पोरी’ म्हणतात; त्यांना उग्र वास सोसत नाही, म्हणून ती हुंगाहुंगी. मी गावच्या शाळेत मास्तर; शाळा सुटली की रोज त्या पाहायला जायचो. भिंग हातात देऊन काका माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचे.

गावाचा मात्र विश्वास नव्हता. शेवटी चारपाच जण म्हणाले, “मास्तरच्या वावरात दाखवा, मंग आमी बी घेऊ.” मी छाती ठोकून तयार झालो. काकांची अट एकच, फवारा मारायचा नाही.

मी मारला. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनी पानं वाकडी व्हायला लागली आणि माझा धीर सुटला. अर्धंच औषध घातलं, म्हटलं एवढ्यानं काय होतंय. दोन दिवसांनी काकांनी कार्डं टाचली तेव्हा मी शहाण्यासारखा गप्प बसलो.

पोरी बाहेर पडल्या, पानांवर तुरुतुरु धावू लागल्या. “काका, जित्या हायेत सगळ्या!” मी ओरडलोच.

काका तासभर भिंगाला डोळा लावून बसले होते. “हाव, जित्या हायेत. पण अंड्यावरून जाऊन राह्यल्या अन् थांबून नाई राह्यल्या.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “थोड्याशा औषधानं मरत नाईत रे त्या. काऊन आलो, तेच इसरून जातात.”

मी उगाच पानं उलटून बघत राहिलो.

पंधरवड्यानं ती चारपाच मंडळी वावरात आली. बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या. सगळे काकांकडे पाहू लागले. मी मान खाली घातली. काका एक शब्द बोलले असते तर गावात मला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

“माहीच कार्डं उन्हात राह्यली होती,” काका म्हणाले. “पोरी अशक्त निंगाल्या.”

“सोडा आता हा नाद, काका,” म्हणत मंडळी हसत निघून गेली. त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

“काका, खरं काऊन नाई सांगितलं?”

ते फोडलेली बोंडं गोळा करत होते. “सांगतलं असतं तर तू तोंड लपवून घरी बसला असता. गाव काय, आधीबी येत नव्हतं. तू येतो ना बे रोज. तूबी नाई आला, तर पोरी निंगाल्या हे मी कोणाले सांगू?”