अर्जदार कोण?

दारातल्या बाईंनी आधी मुलीच्या हातांकडे पाहिलं, मग पायांकडे. बाईंच्या गळ्यात भत्ता कार्यालयाचं ओळखपत्र होतं.

“अर्जदार घरात आहेत?”

“मीच.”

“दार तुम्ही स्वतः उघडलंत?” बाईंनी उंबऱ्यावरच वहीत काहीतरी टिपलं.

ते टिपणं मुलीला आवडलं नाही. आई गेल्यापासून बाबांचं सगळं तिच्याकडे आलं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाबांची उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळी पडली होती, आणि गेल्या महिन्यात ती कामावर असताना ते न्हाणीघरात पडले होते. काळजीवाहक म्हणून तिची नोंद झाली, तरच तिचं ऑफिस तिला रोज अर्ध्या दिवसाची सुट्टी देणार होतं. नाहीतर बाबा दिवसभर एकटे. म्हणून तिनं अपंगत्व भत्ता आणि काळजीवाहक भत्ता असे दोन्ही अर्ज एका बैठकीत भरले, पाकिटात घालून रात्रभर टेबलावर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट पोस्टात टाकलं.

तिनं चहा आणला.

“ट्रे दोन्ही हातांनी धरता येतो?”

“मग काय डोक्यावर धरू?”

बाईंनी टिपलं. “जिना?”

“धावत चढते.”

“मग अर्जात ‘जिना अजिबात चढता येत नाही’ असं कुणी लिहिलंय?”

“मीच.”

“म्हणजे लिहिताही येतं.” बाईंनी दोन्ही अर्ज शेजारीशेजारी मांडले. “इथे अपंग तुम्ही. इथे काळजीवाहक तुम्ही. स्वतःच स्वतःला सांभाळता?”

मुलीनं वाकून पाहिलं आणि तिचे कान तापले. दोन्हीकडे ‘अर्जदार’पुढे तिनं आपलंच नाव लिहिलं होतं.

“अहो, अर्ज मी करत होते, म्हणून...”

“शिवाय खाडाखोड. ‘दिर्घकालीन’चा ‘दीर्घकालीन’ केलाय. लाल शाईनं.”

“ते तुमच्याकडेच कुणीतरी केलं असेल,” मुलगी म्हणाली. आता तिलाही बाईंचा संशय यायला लागला होता.

“आमच्याकडे लाल पेन फक्त साहेबांकडे असतं. ते शुद्धलेखन बघत नाहीत.”

तेवढ्यात आतून बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, काठी मुद्दाम आत ठेवलेली. भिंतीला असे चिकटून चालत होते, की जणू तिलाच आधार देत होते.

“आपण कोण?” बाईंनी विचारलं.

“हिचा काळजीवाहू.”

“काळजीवाहक म्हणा. काळजीवाहू सरकार असतं.”

“मग बरोबरच आहे. हिची आई गेली तेव्हाच आमचं सरकार पडलं.”

“बाबा!”

“तू गप्प बस. विचारा, बाई.”

“या स्वतःच्या हातानं जेवतात?”

“वाढून घेते. जेवत नाही.”

“विसरणं वगैरे?”

“परवा आईच्या गोळ्या घेऊन आली दुकानातून.”

बाईंचं पेन थांबलं. मुलीनं खिडकीकडे तोंड केलं.

“मला काही झालेलं नाही,” ती तिकडूनच म्हणाली. “मदत यांना लागते. आणि हे मेले तरी ते कबूल करणार नाहीत.”

“हे बघा,” बाईंचा आवाज जरा उतरला, “अपंगत्व भत्त्यात अर्जदार म्हणजे ज्याला मदत लागते तो. काळजीवाहक भत्त्यात, जो मदत करतो तो. पहिला मंजूर झाला तरच दुसरा. काका, शर्टाची बटणं कुणी लावली?”

बाबांनी बटणांकडे पाहिलं, मग मुलीच्या पाठीकडे.

“हिनं,” ते म्हणाले. “रोज हीच लावते. आंघोळसुद्धा...” पुढचं त्यांनी भिंतीला सांगितलं, पण बाईंनी ते ऐकलं आणि लिहून घेतलं. पहिल्या अर्जावरचं नाव बदललं. बाबांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

बाई गेल्यावर मुलगी काठी आणायला आत गेली. बाबांच्या उशाशी पेन होतं. तिनं टोपण काढून तळहातावर रेघ ओढली. लाल.

“पाकीट तुम्ही उघडलं होतंत?”

“न वाचता काही जाऊ दिलंय का मी कधी?”

“मग माझं नाव चुकीच्या जागी पडलंय, ते दिसलं नाही?”

“दिसलं की.” बाबांनी काठीसाठी हात पुढे केला. “खाली लिहिलं होतं, मदत ज्याला लागते तो. मला त्यात चूक एकच सापडली. ‘दीर्घ’ची.”