काकींचं मत

आमच्या शेजारचे हरेश्वरकाका मतदानाला गेले की मागची रांग वैतागते. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी दिसते ना, ती एकदा त्यांना नीट दिसली नाही. चष्मा पुसेपर्यंत चिठ्ठी पेटीत पडली.

"परत दाखवा," काका आतूनच म्हणाले.

"परत दाखवता येत नाही, काका."

"का येत नाही? तसा नियम दाखवा."

नियम सापडेपर्यंत अर्धी रांग सावलीत जाऊन बसली. त्या रांगेत मीही होतो.

काकांची डहाणूला चिकूची वाडी आहे, पण त्यांचा जीव मतदारयादीत. "नियमात बसतं का?" हे त्यांचं पालुपद. एकाच घरात राहून सुनेचं नाव वाणगावच्या यादीत गेलं, तेव्हा मी स्कूटरवरून त्यांना तहसील कचेरीत किती वेळा नेलं, ते विचारू नका. कधी साहेब बैठकीला, कधी सर्व्हर बंद, कधी फॉर्म चुकलेला. फॉर्म बरोबर निघाला तर फोटो चुकलेला. अखेर सुनेचं नाव परत आलं आणि माझं वाणगावला गेलं. काका उत्साहाने म्हणाले, "चल, आता तुझा अर्ज करू." मी हात जोडले.

गेल्या निवडणुकीत काकींचं मत घ्यायला पथक घरी आलं. पक्षाघातानंतर काकी अंथरुणावरच असतात. उजवा हात गेलेला, डावा थरथरतो, त्यांचं बोलणं कुणाला फारसं कळत नाही. "साक्षीला कुणी असावं," म्हणून काकांनी मला बोलावून घेतलं.

पथकाला त्यांनी आधी ओसरीवर थांबवून सगळ्यांची ओळखपत्रं वाचली. मग पुठ्ठ्याचा आडोसा खिडकीकडे उघडा राहतो म्हणून फिरवायला लावला. गुजराती कॅमेरावाला कंटाळला, आता तरी चालेल ना म्हणून विचारू लागला. "काका, चालशे ने हवे?"

"कॅमेऱ्यात कागद दिसतोय. नाही चालणार."

अधिकारी बाई घामाघूम झाल्या होत्या. "काका, आम्हाला अजून खूप घरं करायचीत. काकींना जमणार नाही. त्यांच्या वतीने तुम्ही खूण करा. हे नियमात बसतं."

मला वाटलं, सुटलो. काका मात्र उठून ओसरीवर आले.

"बसत असेल," ते म्हणाले. "मी नाही करणार."

"अहो, पण का?" मी विचारलं.

"तिचं मत मला काय माहीत? इतकी वर्षं मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही."

सुनेने काकींच्या डाव्या हातात पेन दिलं आणि ती बाजूला झाली. बराच वेळ गेला. पथकातला पोलीस घड्याळ बघत होता. काका दाराकडे पाठ करून उभे होते, एकदाही वळले नाहीत. शेवटी मतपत्रिकेची पाकिटं बंद झाली, काकींचा अंगठा झाला, पथक गेलं.

मी चिडलेलोच होतो. "हात एवढा थरथरतो त्यांचा. खूण दोन नावांच्या मध्ये गेली असेल तर मत बाद होणार, काका."

काका पलंगावर टेकले. काकींची बोटं आखडून गेली होती. ती ते एकेक करून सैल करत होते.

"होऊ दे," ते म्हणाले. "बाद झालं तरी तिचंच झालं ना."