हळदीतला रिकामा फ्लॅश

जानकीबाई दापोड्याहून रिक्षा करून आल्या, माधवच्या स्टुडिओतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माधवभाऊ, तो फोटो द्या आता."

"कुठला?"

"नामा पाटलाच्या पोरीची हळद. अठ्ठ्याण्णव साल. मी नि आमचे हे, मांडवाच्या खांबाशी उभे. तुमी फ्लॅश मारलाव ना?"

फ्लॅश मारला होता, हे खरं. पण रोल छत्तीस फोटोंचा आणि हळदीला अख्खा गाव. जो तो नटून पुढे येई, नाही म्हटलं की रुसे. म्हणून माधव लग्नघरच्या मंडळींसाठी रोल वापरी आणि बाकीच्यांवर नुसता उजेड पाडी. लोक खूश होऊन जेवायला जात आणि विसरून जात. पुढे डिजिटल कॅमेरा आला, त्याच्या पाठीवर पडदा आला, आणि लोक लगेच "दाखव" म्हणू लागले. मग मोबाइल आला आणि फोटोवाल्यालाच कोणी बोलवेना. आता कामतघरच्या या स्टुडिओत आधारकार्डांना प्लास्टिक चढत होतं.

"इतक्या वर्षांनी कशाला हवाय?" त्याने विचारलं.

"हे तर गेले. यांचा दुसरा फोटोच न्हाय. मतदानाच्या कार्डावर हाय, पन तो बघून पोलीसबी पलतील. आनि लगीन झाल्यापासून ते माज्या बाजूला उभे राह्यले, ते तेवढंच."

खरं सांगायची हीच वेळ होती. माधव म्हणाला, "निगेटिव्ह मुंबईच्या लॅबमध्ये राहिली."

"मग आना."

"लॅब रोलच्या कंपनीची होती. कंपनी बुडाली." इथवर आल्यावर त्याला हुरूप आला, कारण पुढचं बरंचसं खरं होतं. "डिजिटल कॅमेरा मुळात रोलवाल्यांच्याच माणसाने बनवला, तिकडे अमेरिकेत. साहेब म्हणाले, गप बस, आपला रोल कोण घेणार मग? दाबून ठेवला. दुसऱ्यांनी बाजारात आणला आणि हे बसले."

"म्हंजे घरात शिजलं नि शेजारी जेवून गेला," जानकीबाई म्हणाल्या आणि सुस्कारा टाकून उठल्या.

आतून माधवची बायको आसावरी बाहेर आली. "पार अमेरिकेपर्यंत जाऊन आलात. खरं बोलायला कुठे जावंसुद्धा लागलं नसतं."

रविवारी दापोड्याहून टेम्पो आला. अकरा माणसं उतरली. सगळ्यांचे फोटो त्याच हळदीतले, त्याच बुडालेल्या कंपनीकडे. जानकीबाई मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसल्या. सगळ्यांच्या पुढे त्यांचा दीर केसरीनाथ. त्याची आता चार गोदामं होती. तेव्हा त्याला गावात कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्यालाही नुसता उजेडच मिळाला होता.

"माधव, घाबरू नको. कंपनीवर केस टाकू. गोदामाचा वकील हाय आपला. तू फक्त साक्ष दे, निगेटिव्ह कवा धाडल्या त्याची."

शपथ घेऊन अमेरिकेवर आळ घ्यायचा म्हटल्यावर माधवने बायकोकडे पाहिलं. ती कुणाच्या तरी आधारकार्डाचे कोपरे कापत राहिली.

"निगेटिव्ह नाहीतच," तो म्हणाला. "मी बटण फ्लॅशचं दाबायचो, कॅमेऱ्याचं नाही. तुमच्यापैकी कोणाचाच फोटो मी काढला नव्हता."

केसरीनाथ हसला.

"मला? मला कोन फसवील? सफारी घालून उभा होतो मी!"

"देवाशपथ सांगतो."

"कंपनीनं दमात घेतलाय याला," कोणीतरी म्हणालं.

"धंदा गेला, डोकंबी गेलं बिचाऱ्याचं." केसरीनाथने माधवची पाठ थोपटली. "तू आराम कर. साक्षीचं आमी बघतो."

टेम्पो वकिलाकडे गेला. जानकीबाई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या.

"खरंच न्हवता काढला?"

"नव्हता."

जानकीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि मागच्या निळ्या पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अगदी कडेला.

"उचला कॅमेरा."

"जानकीबाई, मध्ये सरका थोड्या."

"मधी कशी सरकू? तिथं हे हायेत ना."

माधवने कॅमेरा डोळ्याला लावला. जानकीबाई शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "नीट उभे ऱ्हावा जरा."

कॅमेऱ्यामागे माधव ताठ उभा राहिला.