साखर मंडळाचे कायमचे पाहुणे

रविवार, १२ जानेवारी, सकाळी साडेसात. ठिकाण: सोसायटीचं ऑफिस, तळमजला.
हजर: मी (निमंत्रक), कुलकर्णीबाई, साळुंखे.
पाहुणे: हिराजी म्हात्रे.

आमच्या या मधुमेहींच्या मंडळात हे पाहुणे दुसऱ्या मजल्यावरून येतात आणि गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकही रविवार चुकवलेला नाही. मधुमेह त्यांना अकरा वर्षांपासून आहे, म्हणजे आम्हा तिघांच्या आधीपासून. तरीही मी हजेरीची वही पुढे केली की ते चष्मा कपाळावर चढवून सांगतात, "बाय, माजा नाव पावन्यांत लिव."

सुरुवातीला मी वाद घातला. मग पाहुण्यांसाठी वेगळा रकाना आखला. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. वस्तूची नोंद चुकीच्या जागी झाली तरी चालेल, पण नोंद व्हायला हवी, एवढं तिथे शिकले आहे.

आमची इमारत म्हात्रेकाकांच्या भातशेतावर उभी आहे. त्यामुळे लिफ्टमध्ये, गच्चीवर आणि पार्किंगमध्ये ते मालक असतात आणि आम्ही सगळे "तुमी नवीन लोकं". पाहुणेपण ते फक्त मधुमेहापुरतं पत्करतात. का, ते त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं.

"आमचा खानदान मिठागराचा. पाच पिढ्या मिठात काढल्या. मिठाच्या घरात साकर येल कशी? तो रिपोर्ट दुसऱ्या कोनाचा तरी हाय."

अकरा वर्षं, तीन लॅब, आणि दर वेळी रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा तरी. पनवेलच्या लॅबवाल्यांचं म्हात्रेकाकांशी वैर असावं.

उपचारही त्यांचा खानदानीच आहे. चहातली साखर त्यांनी सोडली, ती समारंभपूर्वक, चार माणसांना सांगून. तांदळाच्या भाकऱ्या मात्र जेवणाला चार. "भाकरी काय गोड लागते का? चव घेऊन बग." वर सुकी मासळी, भरपूर खारवलेली, कारण मिठाने साखर मरते हा त्यांचा शोध. साखर काही मेली नाही. रक्तदाब तेवढा जिवंत झाला आणि गोळ्यांच्या डबीत एक कप्पा वाढला.

रक्त तपासायचं ठरलं की ते आदल्या दोन दिवसांत जवळजवळ काहीच खात नाहीत. गोळ्या घेऊन असं उपाशी राहणं धोक्याचं, हे मी त्यांना चार वेळा सांगितलं आहे, लेखीही दिलं आहे. ते ऐकतात, मान डोलावतात आणि उपाशी राहतात. मग रिपोर्ट हातात धरून जिना उतरतात, जणू दहावीचा निकाल. मागच्या वर्षी डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करायला लावली आणि दोन दिवसांच्या तपश्चर्येवर पाणी पडलं. काका भयंकर दुखावले.

"याला तीन म्हयन्याचा काय म्हाईत? तो काय आमच्या चुलीजवल बसला व्हता?"

"काका, रक्तात राहतं ते," कुलकर्णीबाई म्हणाल्या.

"म्हंजे रगतच चुगलखोर निंगाला!"

कुलकर्णीबाई हसल्या, पण त्यांना तो हक्क नव्हता. त्या स्वतः 'शुगर-फ्री' लिहिलेली बर्फी पावकिलोने खातात. साळुंखे आमच्याच औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करतात आणि बिनसाखरेच्या प्रत्येक चहाबरोबर तीन बिस्किटं घेतात. थोडक्यात, मंडळ आदर्श आहे.

तरी एक काम आम्ही नीट करतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाय तपासतो. जुन्या मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा बोट कापायची वेळ आलेली असते. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक सभासदापुढे शेवटचा रकाना आहे: घरी रोज पाय कोण बघतं, त्याचं नाव.

आणि या कामात आमचे पाहुणे सगळ्यांत पुढे. मोबाइलची बॅटरी लावून ते छोट्या पाटावर बसतात, मांडीवर पंचा पसरतात आणि समोरच्याचा पाय उचलून मांडीवर घेतात. पहिल्या वेळी साळुंखे उडालेच.

"काका, तुम्ही वडीलधारे, माझ्या पायाला हात लावू नका, पाप लागेल!"

"पाप गेला चुलीत. पाय दे."

बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नखांचे कोपरे. एकही जागा सुटत नाही. मध्येच करंगळी दाबून विचारतात, "कलतंय का?" ऑक्टोबरात साळुंख्यांच्या अंगठ्याखाली त्यांना मसुराएवढा फोड सापडला. साळुंखे आठवडाभर त्यावर सेफ्टी शूज घालून फिरत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर कठीण होतं. साळुंख्यांनी पेढे आणले. मधुमेही मंडळात पेढे. काकांनी एक खाल्लाही, पाहुणे म्हणून.

स्वतःचे पाय मात्र त्यांनी कधीच दाखवले नाहीत. पांढरे कॅनव्हासचे बूट, आत मोज्यांचे दोन जोड, बारा महिने. मी यादी काढून विचारलं, धमकावून विचारलं. उत्तर एकच: "पावन्याचे पाय कोन बगतं?"

तर हा रविवार. काका पाटावरून उठताना कुलकर्णीबाईंनी मला कोपराने ढोसलं. डाव्या बुटाच्या कडेला, शिवणीपाशी, रुपयाएवढा पिवळट तपकिरी डाग होता. कापडातून बाहेर आलेला.

"काका, बूट काढा."

"चिखल हाय तो."

"जानेवारीत?"

ते निघून गेले. लंगडत नव्हते. तीच भीतीची गोष्ट होती. दुखत असतं तर लंगडले असते.

मी पाच मिनिटांत पिशवी भरली: बॅटरी, कापूस, सलाईन, पट्टी, डॉक्टरांचा नंबर. आणि वर गेले. दार उघडंच होतं. काकू गेल्या, मग मुलगा उलव्याला राहायला गेला, तेव्हापासून काका एकटेच असतात, हे मला माहीत होतं. वहीत नोंद होती.

ते हॉलमध्ये जमिनीवर बसले होते. भिंतीला हातात धरायचा आरसा टेकवून उभा केलेला, केशरी प्लास्टिकच्या चौकटीचा, बायकांच्या पर्समध्ये असतो तसा. उजव्या पायाचा बूट आणि मोजे काढलेले. पाय आरशासमोर धरून ते वाकून तळवा दिसतो का ते बघत होते. पोट आडवं येत होतं.

"दिसत नाय गो," मला बघून ते म्हणाले. चोरी पकडल्याचा राग नव्हता. "रोज बगतो. नुसता अंधार दिसते."

मी समोर बसले. पिशवी बाजूला ठेवली.

"ती व्हती तवा सांजच्याला तिचे मी बगायचो, माजे ती. सात वर्षा. तिचा पयला बोट गेला, मंग पाय गेला, तरी एक पाय व्हता ना, तो बगायचो. माजे ती शेवटपर्यंत बगायची. खाटेवर बसून." आरसा त्यांनी हळूच पालथा घातला. "तुज्या वहीत तो रकाना हाय. पाय कोन बगतं, नाव लिवा. सबासद झालो तर तिथं काय लिवू? पावन्याला तेवडा नाय इचारत."

तो रकाना मी आखला होता. पट्टी लावून, दोन रंगांत.

मी त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. त्यांनी ओढून घेतला नाही. बेचक्या, टाच, नखं, त्यांनीच शिकवलेल्या क्रमाने बघितलं. टाचेला एक भेग, बाकी स्वच्छ. करंगळी दाबून विचारलं, "कळतंय का?"

"थोडा थोडा," ते म्हणाले. "तुजा हात गार हाय."

मग मी डाव्या बुटाच्या नाडीला हात घातला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. सत्तरीच्या माणसाचा हात, मिठागरात राबलेला.

"तो नको. तो मना म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"दिवालीच्या आदीपासून."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी साडेनऊ, पहिला नंबर. रिक्षा सांगितली, कारखान्यात रजा कळवली, मुलाला निरोप ठेवला. काका भिंतीला टेकून सगळं ऐकत होते आणि प्रत्येक फोननंतर मान हलवत होते. त्यांनी बूट काढू दिला. बाहेरचा मोजाही. आतला मोजा चिकटला होता. मी सलाईन ओतून तो भिजवला, पण त्यांनी घोटा दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"बसशील ना पन थोडा येल?" त्यांनी विचारलं.

बसले आहे. हे टिपण त्यांच्या हॉलमध्ये, जमिनीवर बसूनच लिहिते आहे. साडेदहा वाजलेत.

उजवा पाय: बघितला.
डावा पाय: बाकी.