अंगठ्याशिवाय पान उलटत नाही

आमच्या वैजयंताने दहावीचं गणित घरी बसून शिकायला जे पुस्तक आणलं, त्याचं पान माझ्या अंगठ्याशिवाय उलटत नसे.

वैजयंता माझी सून. अंगणवाडीत मदतनीस होती. त्या वर्षी सेविकेची जागा निघाली आणि त्याला दहावी पास लागत होतं. तिची शाळा नववीत सुटलेली. तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय तिला जमत होते, भीती होती ती गणिताची.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर नियम छापला होता, तो तिने मला वाचून दाखवला. वाचकाने प्रत्येक धडा एका निरक्षर माणसाला समजावून द्यावा. त्याला समजलं की पानाखाली त्याचा अंगठा घ्यावा. मगच पुढचं पान उलटेल.

माझ्या लेकाने सुरी घालून पान सोडवायचा प्रयत्न केला. सुरी वाकली.

"आत्या, बसता का जरा?" वैजयंता म्हणाली. मी बसले. मला शाळेत कुणी घातलं नाही, तेव्हा त्या कामाला घरात मीच लायक होते.

त्या पुस्तकासारखा कडक मास्तर मी दुसरा पाहिला नाही. एकदा अंगणवाडीतून ती थकून आली. वर्गसमीकरण सांगता सांगता तिचे डोळे मिटायला लागले. मला काही समजलं नव्हतं, पण कीव आली म्हणून मी शाई लावून अंगठा ठेवला. पानाखाली बारीक अक्षरं उमटली. तिने वाचली, "अंगठा खरा, समज खोटी. पुन्हा सांगावे."

"पुस्तकाला फसवता होय?" वैजयंता हसली आणि तिची झोप उडाली. तिने मला अंगणात नेलं. म्हणाली, "समजा इथं अठ्ठेचाळीस फरश्या बसवायच्या. रुंदीपेक्षा लांबीला दोन जास्त. मग रुंदीला किती?"

"सहा. लांबीला आठ," मी म्हटलं.

"हेच वर्गसमीकरण, आत्या!"

हे एवढंच होतं तर लोक नापास कसे होतात, असं मी विचारलं. आत पुस्तकाने आपणहून पान उलटलं. असं दर वेळी ती पुस्तकातलं गणित उचलून घरात आणायची, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला की तिच्याही पडायचा. पुस्तक लिहिणाऱ्याला हे कसं सुचलं असेल, त्याला दंडवत.

शेवटचा धडा राहिला, संभाव्यतेचा. पेपर सोमवारी आणि हा शुक्रवार. तिने नुसतं नाणं हातात घेतलं तोच मी म्हटलं, "छापा की काटा, दोन्हीला सारखाच वाव. म्हणजे निम्मं." पानाखाली शेरा आला, "या बाईंना सांगण्याआधीच समजू लागले आहे. यांचा अंगठा यापुढे धरला जाणार नाही. दुसरी व्यक्ती आणावी."

वैजयंताने मला मिठी मारली आणि मग रडायला लागली. गल्लीत आता सगळे शिकलेले. राहिल्या होत्या एकट्या माझ्या थोरल्या जाऊबाई, मथुराबाई. त्यांचं माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

कारण सांगते. नागपंचमीला आम्ही फोडलेल्या चिंचोक्यांचा पट मांडला होता. चार चिंचोके, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. चारही पांढरे पडले की आठ घरं पुढे. जाऊबाईंना ओळीने तीनदा चारही पांढरे पडले. मी म्हटलं, लबाडी केलीत. त्या उठून गेल्या, त्या गेल्याच.

शनिवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोण मेलं?"

"कुणी नाही. वैजयंताला अंगठा पाहिजे."

"तुझा झिजला का?"

"मला समजायला लागलं, म्हणून चालत नाही."

"तुला समजलं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग मला तर उभ्या उभ्या समजेल."

त्या आल्या. कनवटीला चिंचोके होते, तेच चार. वैजयंताने तेच समोर ठेवून धडा सांगितला. एक पांढरा पडायचा वाव निम्मा. चारही पांढरे पडायचा सोळात एक. ओळीने तीनदा पडायचा, सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे चार हजार शहाण्णवात एक.

जाऊबाईंनी चारही चिंचोके उचलून पांढरी बाजू वर करून मांडले. "म्हणजे पडू शकतं," त्या म्हणाल्या.

"पडू शकतं, मोठ्या आत्या."

त्यांनी अंगठ्याला शाई लावली आणि तो पानावर न टेकवता वर धरून ठेवला. मला म्हणाल्या, "हौसा, तू म्हण."

पुस्तक उघडं होतं, वैजयंता माझ्याकडे बघत होती. लबाडी केलीच नाही, असं काही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. खोटं बोलले असते तर त्याने शेरा मारला असता. जेवढं समजलं होतं तेवढंच मी म्हटलं.

"जाऊबाई, पडू शकतं."

"एवढं म्हणायला अकरा वर्षं लागली," त्या म्हणाल्या आणि अंगठा टेकवला. पान उलटलं. शेवटचा शेरा आला, "दोन्ही अंगठे बाद. वाचकाने परीक्षेस बसावे."

वैजयंताला गणितात एकसष्ट मिळाले. ती आता सेविका आहे.

दुपारी जाऊबाई येतात, आम्ही पट मांडतो. बांगड्यांच्या काचांच्या सोंगट्या, त्यांच्या हिरव्या, माझ्या लाल. पुस्तक जवळ उघडं ठेवतो. काल त्यांना पुन्हा ओळीने तीनदा चारही पांढरे पडले. आम्ही दोघींनी पुस्तकाकडे पाहिलं. त्यावर काही उमटलं नाही.

मी त्यांची सोंगटी उचलली आणि आठ घरं पुढे ठेवली.