गच्चीवरचा खांब

“जेवायच्या वेळेला घरी आला नाहीत, तर गच्चीवरचा तो खांब मी भंगारात घालते,” बायको म्हणाली. हॅलोरावांनी मनापासून मान डोलावली. हॅलोराव म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. रोज संध्याकाळी ते हौशी रेडिओवर बसून परमुलखातल्या अनोळखी माणसांना हॅलो हॅलो करत, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिले होते. रेडिओची तार त्या खांबावरून जायची. ते बोलू लागले की शेजारच्या टीव्हीत मुंग्या यायच्या, शेजारीण तावातावाने यायची आणि तिचे सगळे ऐकून घ्यायचे काम बायकोकडे असायचे.

त्या दिवशी जगभरच्या रेडिओवाल्यांची स्पर्धा होती. गावाबाहेरच्या टेकडीवरून बोलले की ना शेजारी, ना टीव्ही. गाडी मेव्हण्याची होती. मेव्हणा शिंपी, स्वभावाने गरीब, त्यामुळे तोही गाडीबरोबर आला. मोबाइलमुळे रेडिओत खरखर येते असा हॅलोरावांचा सिद्धांत होता. म्हणून दोघांचेही मोबाइल घरी फ्रिजवर राहिले.

वर पोचून, झाडाला तार बांधून झाल्यावर मेव्हण्याने विचारले, “भाऊजी, रेडिओची बॅटरी कुठाय?”

“चार्जिंगला लावलीय.”

“कुठे?”

“घरी.”

पण अडून बसतील ते हॅलोराव कसले? त्यांनी रेडिओच्या वायरी सरळ गाडीच्या बॅटरीला जोडल्या.

“मग इंजिन तरी चालू ठेवतो,” मेव्हणा म्हणाला.

“अजिबात नको! खरखर येते.”

अंधार पडला आणि लांबलांबचे आवाज यायला लागले. हॅलोराव रंगात आले. जेवायची वेळ झाली, होऊन गेली. मेव्हण्याने तीनदा आठवण करून दिली. तिन्ही वेळा त्याला “हा शेवटचा” असे उत्तर मिळाले. शेवटी तो चिडून गाडीकडे निघाला, अंधारात तारेच्या दोरीत अडकला आणि पाय मुरगाळून खाली बसला. हॅलोरावांनी त्याला उचलून गाडीत घातले, किल्ली फिरवली. गाडीने टिक् केले आणि मान टाकली. बॅटरीत रेडिओपुरता जीव होता, इंजिनापुरता नव्हता.

“ढकलू या?”

“ऑटोमॅटिक आहे, भाऊजी. ढकलून चालू होत नाही. आणि ढकलणार कोण? माझा पाय बघा, भोपळा झालाय!”

खाली गाव लखलखत होते. हॅलोरावांना तर आपली गच्चीही दिसल्यासारखी वाटली. खांब गेला तर सगळे संपलेच. चष्म्यांच्या नंबरांखेरीज आयुष्यात दुसरे बोलणे उरणार नव्हते.

“समुद्रापलीकडे बोलता ना? मग समोरच्या गावात कुणाला तरी सांगा!” मेव्हणा कळवळून म्हणाला.

“अरे, या लहरी वर आभाळात जातात आणि लांब कुठेतरी खाली उतरतात. जवळच्या माणसाला त्या ऐकूच येत नाहीत.”

“ताई तुमच्याबद्दल हेच म्हणते.”

मग लांबच्यांनाच हाक घालायची ठरली. पण स्पर्धेत कुणालाच गप्पांना सवड नसते. आपला आतापर्यंत कितवा संपर्क, तो आकडा सांगायचा आणि पुढच्याला गाठायचे, एवढेच.

“आम्ही टेकडीवर अडकलोय, मदत हवीय!” हॅलोराव ओरडले.

“आवाज झकास येतोय! आकडा सांगा!” पलीकडून उत्तर आले.

“आकडा नाही हो, घरी फोन करा! नंबर घ्या!” म्हणत त्यांनी बायकोचा मोबाइल नंबर घडाघडा सांगितला.

 पलीकडून आवाज आला, “एवढे संपर्क? थापा मारायला लाज नाही वाटत?” आणि तो गृहस्थ गेला. दुसऱ्याने अभिनंदन केले. तिसऱ्याने स्पर्धेच्या पंचांकडे तक्रार करायची धमकी दिली.

“तुमच्या या जगभरच्या मित्रांत एक तरी माणूस आहे का?” मेव्हण्याने विचारले. हॅलोरावांच्या डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते.

शेवटी गर्दीपासून दूर, अगदी कडेला एक शांत आवाज सापडला. बोटी दुरुस्त करणारा एक मराठी म्हातारा होता. स्पर्धेचा त्याला कंटाळा होता. त्याने सगळे ऐकून घेतले, नंबर लिहून घेतला आणि थोड्या वेळाने परत आला.

“तुमच्या पत्नीशी बोललो,” तो म्हणाला. “त्या जे बोलल्या ते रेडिओवर बोलायला नियमाने बंदी आहे. थोडक्यात, त्या येताहेत.”

तासाभराने चढावर दिवे दिसले. धडधडत एक टेम्पो वर आला. भंगारवाल्याचा होता. पुढे बायको बसली होती आणि मागे, जुन्या कुलरच्या शेजारी, दोरीने बांधलेला खांब आडवा पडला होता. हॅलोरावांना गलबलून आले.

“काय बघताय? बोलले होते ना मी!” बायको उतरत म्हणाली. “हे भंगारवाले टेम्पो घेऊन निघालेच होते, तेवढ्यात फोन आला. म्हणून यांच्याच गाडीतून आले. आवरा तो पसारा!”

इतक्यात रेडिओतून म्हाताऱ्याचा आवाज आला. “पोचल्या का बाईसाहेब? माझ्या पत्नीला त्यांच्याशी बोलायचंय.”

बायकोने माइक ओढून घेतला.

“अगं, तुझ्याकडे रेडिओचा परवाना—”

“तुमच्याशी लग्न केलं तेव्हाच मिळाला. गप्प बसा.”

पलीकडची बाई बोलू लागली. तिच्याही गच्चीवर खांब होता. तिच्याही शेजारणीच्या टीव्हीत मुंग्या येत होत्या. तिचाही नवरा जेवणाचे ताट सोडून हॅलो हॅलो करायला पळत होता. बायको आधी “हो ना!” म्हणाली, मग “अगदी, अगदी!” म्हणाली, मग दगडावर मांडी घालून बसली. भंगारवाल्याने टेम्पोच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू करून दिली, मेव्हण्याचा पाय रुमालाने बांधला. दोघांनी एकेक डुलकीही काढली. हॅलोराव माइककडे बघत नुसते उभे होते. निघू या म्हणायची त्यांची छाती होईना.

हळूहळू आवाज विरत चालला. बायकोने कान रेडिओला लावला, भुवया आवळल्या आणि नवऱ्याकडे वळली.

“बघत काय उभे राहिलात? तो खांब काढा टेम्पोतून आणि चांगला उंच उभा करा. तिच्या सासूचं आत्ता कुठे सुरू झालंय, आणि मला मेलं निम्मं ऐकूच येईना!”