तांब्यांचा फोन एंगेज

शनिवारी दुपारी चारच्या आत डोंबिवलीहून ठाण्याला एक फाइल पोचवायची होती. फाइल फ्लॉपीत मावत होती, फ्लॉपी शर्टाच्या खिशात मावत होती, आणि डोंबिवलीहून ठाणं किती लांब आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रत्नदीप तांबेला फ्लॉपी न्यायची बंदी होती. फाइल टेलिफोनच्या तारेतूनच जायला हवी होती.

"तारेतूनच का?" भगवानरावांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जेवता जेवता विचारलं. "खिशातून गेली तर विटाळ होतो काय?"

"अण्णा, तेच तर दाखवायचंय. ऑफिसात आम्ही बुलेटिन बोर्ड लावलाय. म्हणजे तिथला कॉम्प्युटर स्वतःच फोन उचलतो, आपला कॉम्प्युटर त्याला फोन लावतो, आणि फाइल इकडून तिकडे. आज पुण्याची पार्टी बघायला येणारे. त्यांच्या डोळ्यांसमोर फाइल तिथं उगवली पाहिजे."

"आणि नाही उगवली तर?"

रत्नदीप भात चिवडू लागला. तो नोकरीत कच्चा होता. त्याचा कच्चेपणा साहेबांनी तीनदा वाढवला होता. साहेबांचं नाव सुशांत, वय रत्नदीपएवढंच, फरक एवढाच की कंपनी सुशांतच्या वडिलांची होती. कमरेला पेजर लावून सुशांत जगाला सांगत फिरायचा, की कागदाचा जमाना संपला. त्याच्या स्वतःच्या ऑफिसात पगाराची सही मात्र अजून रेव्हेन्यू स्टँपवर घेत. शुक्रवारी त्याने रत्नदीपला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "चारच्या आत फाइल आली तर सोमवारपासून तू पर्मनंट. नाही आली तर सोमवारी कशाला येतोस?"

"खा रे," आई, भीमाबाई, म्हणाली. "मघापासून भात चिवडतोयस."

ऑफिसचा कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळीच रिक्षात मांडीवर घेऊन त्याने घरी आणला होता. आता तो टेबलावर बसला होता आणि शेजारी मॉडेम, म्हणजे पुढच्या बाजूला लाल दिव्यांची रांग असलेलं चपटं खोकं. त्याची वायर फोनला. इथवर सगळं ठीक होतं. अडचण फोनचीच होती.

मानपाडा रोडवरच्या 'मैत्री' बिल्डिंगीत फोन एकच, तांब्यांचा. केमिकल कंपनीत फुप्फुसं जाळत भगवानरावांनी वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघितली, आणि फोन आला तेव्हा पेढे वाटले. तेव्हापासून अख्ख्या बिल्डिंगीने आपल्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, दुकानाच्या पाट्यांवर तांब्यांचा नंबर पी.पी. म्हणून, म्हणजे शेजाऱ्याचा फोन म्हणून, छापून टाकला. भगवानरावांना त्याचा त्रास नव्हता, अभिमान होता. कुणाचाही फोन आला की ते गॅलरीत जाऊन हाक मारत. लोकांची सोय म्हणून त्यांनी वायर ओढून दुसरा रिसीव्हर गॅलरीतल्या लाकडी खोक्यात बसवला होता. वर पाटी होती: 'दोन मिनिटं. नंतर मी तोडीन. भ. तांबे.' आणि ते खरंच तोडत. तांब्यांचा फोन एंगेज लागत नाही, अशी त्याची ठाकुर्लीपर्यंत ख्याती होती.

"गॅलरीतला फोन आज दुपारपुरता काढू या?" रत्नदीपने हळूच विचारून बघितलं.

"गोदूबाईच्या मुलीला बघायला आलेले लोक आज कळवणारेत. धाकूच्या भावाचं सावंतवाडीला ऑपरेशन आहे. आणि तू फोन काढणार?" भगवानरावांनी ताटात हात धुतला. "या घरातून कुणाचा निरोप चुकलेला नाही. लाव तुझं काय ते, पण लोकांच्या आड येऊ नको." एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले, माश्या बसतात म्हणून पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि दुपारची झोप सुरू केली.

रत्नदीप कॉम्प्युटरसमोर बसला. फाइल पाठवायच्या दोन पद्धती होत्या. एकीचं नाव एक्स. तिच्यात मध्येच फोन तुटला, की सगळं पहिल्यापासून. दुसरीचं नाव झेड. तिच्यात जिथे तुटलं तिथून पुढे चालू. शहाणा माणूस झेड वापरेल. पण रत्नदीपच्या कॉम्प्युटरवर झेडचं फक्त मेनूत नाव होतं, लग्नाच्या हॉलमधल्या बासुंदीसारखं. तिचा खरा प्रोग्रॅम वेगळा असतो आणि तो ऑफिसच्या बोर्डावर पडला होता. शुक्रवारी तो फ्लॉपीवर घ्यायचा राहिला, कारण शुक्रवारी दिवसभर सुशांतने त्याला पुण्याच्या पार्टीसाठी भाड्याच्या खुर्च्या पुसायला लावल्या होत्या.

म्हणजे आता झेड आणायची तर एक्सने आणायची. दोरी विहिरीत पडलेली, आणि ती काढायला दोरीच पाहिजे.

त्याने नंबर लावला. मॉडेम आधी टकटकला, मग किंचाळला, मग घसा खरवडल्यासारखा आवाज काढून गप्प झाला. लागला! पडद्यावर बोर्डाचं स्वागत उमटलं. रत्नदीपने झेडचा प्रोग्रॅम मागवला. आकडे सरकू लागले. वीस टक्के. तीस. त्याने श्वास धरून ठेवला होता, जणू सोडला तर आकडे उडून जातील.

चाळीसला दिवे विझले. गॅलरीतून किंकाळी आली.

"भीमाबाई! अगो तुमच्या फोनात मांजर अडकलंय!" गोदूबाई रिसीव्हर लांब धरून उभ्या होत्या.

"मावशी, ठेवा तो! मी काम करतोय त्याच्यावर!"

"फोनवर काम? मग बोलत का नाहीस मेल्या? नुसता ओरडतोयस!"

"मी नाही ओरडत, मॉडेम ओरडतोय."

"तो कोण? पाहुणा आलाय?"

रत्नदीपने पुन्हा नंबर लावला. पहिल्यापासून. या वेळी पंचावन्नपर्यंत गेला. मग खालच्या मजल्यावरचे धाकू आले, रिसीव्हर उचलून "हॅलो, हॅलो, सावंतवाडी?" म्हणाले, आणि दिवे विझले.

"धाकूदादा, प्लीज. माझी नोकरी जाईल."

"फोन उचलल्याने नोकरी जाते? कसली रे ही नोकरी? सोड ती."

सल्ला फुकट असला की लोक हातभर देतात. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून रत्नदीपने घड्याळाकडे बघितलं. मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आतल्या खोलीत डोकावून अण्णा झोपलेत याची खात्री केली, स्क्रू ड्रायव्हर घेतला, गॅलरीत गेला, आणि लाकडी खोक्यामागची वायर सोडवली.

"अण्णांना कळलं तर?" आईने दारातून विचारलं.

"चारनंतर परत लावतो. तू बघितलं नाहीस."

"मी कुठे काय बघितलं? मी तांदूळ निवडतेय." भीमाबाईंच्या हातात ताट नव्हतं, पण त्या खाली बसल्या आणि निवडू लागल्या.

आता गॅलरीतला फोन मुका. गोदूबाई येऊन रिसीव्हर हलवून गेल्या, धाकू त्यावर दोन चापट्या मारून गेले. आत एक्सने झेड आणली. ती बसवायला रत्नदीपला आणखी घाम गाळावा लागला. कॉम्प्युटर म्हणाला, प्रोग्रॅम सापडत नाही. कुठे आहे ते सांगितलं, तर म्हणाला, तरी सापडत नाही. शेजारी बसलेला माणूस सापडू नये अशातली गत. शेवटी लक्षात आलं की प्रोग्रॅम एका कप्प्यात आहे आणि आपण पत्ता दुसऱ्याच कप्प्याचा देतोय. पत्ता बदलला, बोर्डाला फोन लावला आणि खरी फाइल झेडने सुटली. फाइल मोठी होती. आकडे मुंगीच्या पावलांनी निघाले.

इकडे ठाकुर्लीला भगवानरावांचा धाकटा भाऊ मारुती आपल्या कंपनीच्या कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये उभा होता. त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं, की उद्या जेवायला येतोय. एंगेज. चहा पिऊन आला. एंगेज. पान खाऊन आला. एंगेज. मारुतीच्या कपाळावर आठी पडली. दादाचा फोन दोन मिनिटांच्या वर एंगेज? दादा बायकोच्या माहेरच्यांनाही तिसऱ्या मिनिटाला तोडतो. त्या फोनवर इतका वेळ कुणीतरी नातेवाइकांना एकामागून एक फोन लावतंय, याचा अर्थ एकच होतो, आणि तो बूथवाल्यालाही कळला.

"कोण वारलं?" बूथवाल्याने विचारलं.

"कोण म्हणजे? तोडणाराच गेला असणार. नाहीतर लाइन मोकळी नसती का?"

रत्नदीपच्या पडद्यावर साठ टक्के झाले तेव्हा जिन्यावर हंबरडा ऐकू आला. मारुतीची बायको वैशाली पुढे, तिच्या मागे पांढऱ्या शर्टातला मारुती, हातात हार आणि मेणबत्त्यांचा पुडा. तिच्या आवाजाने मैत्री बिल्डिंगीची सगळी दारं उघडली.

"दादा गेले हो!" वैशालीने गळा काढला. आतल्या खोलीत डोक्यावरून पायापर्यंत पांढरी चादर ओढून भगवानराव निश्चल पडले होते. यापुढे पुरावा काय हवा?

"वहिनी, कधी झालं? कळवायचं नाही का?" मारुतीने विचारलं.

"काय झालं?" भीमाबाई रिकाम्या हातांनी तांदूळ निवडत उठल्या. त्यांनाही क्षणभर वाटलं की काहीतरी झालंय आणि आपल्यालाच माहीत नाही. मग त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. घरात रडू आलं की हातभार लावावा, एवढं त्यांना कळत होतं.

"काकी, काही झालेलं नाही! अण्णा झोपलेत!" रत्नदीप खुर्चीतून ओरडला, पण उठला नाही. अडुसष्ट टक्के.

"बाप गेलाय आणि तू व्हिडिओ गेम खेळतोयस?" मारुतीचे डोळे पाणावले होते तरी हात शिवशिवत होता.

जिन्यावर शेजारी जमले. लोक मेलेल्यासमोर हळू बोलतात, कारण त्यांना वाटतं तो ऐकतोय. पण हळूही इतकं हळू बोलत नाहीत की ऐकू येऊ नये.

"चांगला माणूस होता," धाकू म्हणाले.

"होता खरा. पण दोन मिनिटांचा फार जाच," गोदूबाई म्हणाल्या. "माझ्या भावाशी बोलताना कधी 'बरं' म्हणू दिलं नाही. मघापासून तर तो फोनच मेलाय."

"मालक गेला की फोन जातो म्हणतात, ते खरं निघालं."

"आता तो नावावर कुणाच्या होणार? पोरगा तर फोन किंचाळवतो. माझ्या मुलीच्या पत्रिकेवर हा नंबर छापायचा की नाही, ते आधी ठरवा. नंतर वांदे नकोत."

"खरंय. आजच विचारून घेऊ. मारुती, तुम्ही घरचे. तुमचं काय म्हणणं?"

मारुती म्हणाला, "फोन खोक्यासकट माझ्याकडे ठाकुर्लीला नेला तर?"

चादरीखाली भगवानराव कधीचे जागे होते. पहिल्या हंबरड्यालाच डोळे उघडले होते, उठणारही होते. पण 'चांगला माणूस होता' ऐकलं आणि पुढचं ऐकायला थांबले. माणसाला अशी संधी दुसऱ्यांदा मिळत नाही.

"सगळ्यांना कळवायला हवं," म्हणत मारुती बाहेरच्या खोलीत आला आणि टेबलावरच्या फोनकडे वळला.

"काका, हात लावू नका! बहात्तर झालेत!"

"बहात्तर? दादा एकसष्ट वर्षांचा होता रे!" मारुतीने हातातला हार टेबलावर ठेवून रिसीव्हर उचलला. मॉडेमने शेवटची किंकाळी फोडली आणि दिवे विझले.

"ठेव तो फोन!"

आवाज आतल्या खोलीतून आला. चादर अंगाभोवती तशीच गुंडाळून भगवानराव दारात उभे होते. वैशालीचं रडणं मध्येच गिळलं गेलं. धाकू तीन पायऱ्या खाली उतरले. गोदूबाईंनी हात जोडले आणि मग ते कुणाला जोडावेत हे न कळून सोडले.

"दोन मिनिटांचा जाच?" भगवानराव म्हणाले. "खोक्यासकट ठाकुर्लीला? वर्षानुवर्षं मी गॅलरीतून तुमच्या नावाने बोंबललो, माझा घसा बसला, आणि मी मेलो तर तुम्हाला पत्रिकेची काळजी?" मग ते रत्नदीपकडे वळले. "आणि तू. खोक्याची वायर तू सोडवलीस?"

रत्नदीप उभा राहिला. "हो अण्णा."

"चांगलं केलंस." भगवानरावांनी फोनशेजारी खुर्ची ओढली आणि चादरीसकट बसले. "किती झालं होतं?"

"बहात्तर. पण झेड आहे. पुढे चालू होईल. नंबर लागला तर."

"लाव. बघतो कोण हात लावतो ते."

नंबर लागला. बहात्तरवरून पुढे. खोलीतली सगळी माणसं आकड्यांकडे बघत होती. नव्वदला भीमाबाईंनी डोळे मिटले. शंभर झाले, पडद्यावर 'पूर्ण' उमटलं. घड्याळात चारला थोडा अवकाश होता.

फोन वाजला. भगवानरावांनी उचलला, ऐकलं, आणि पोराच्या हातात दिला.

सुशांत ओरडत होता, "आली! पार्टीने टाळ्या वाजवल्या! तू पर्मनंट! आता ऐक, त्यांना सिस्टिम इतकी आवडली की आम्ही कबूल करून टाकलंय. सोमवारपासून रोज दुपारी तू घरूनच फाइल पाठवायची. कॉम्प्युटर तिथेच राहू दे. सुट्टीच म्हण ना!" फोन बंद झाला.

रत्नदीपने सगळ्यांना सांगितलं. भीमाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. गोदूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता रोज दुपारी मांजर ओरडणार?"

"आणि रोज दुपारी एंगेज," धाकू म्हणाले.

"आणि ठाकुर्लीला रोज कळणार की मी गेलो," भगवानराव म्हणाले.

वैशालीने ओशाळून टेबलावरचा हार हळूच उचलला आणि पिशवीत घालू लागली.

"राहू दे," भगवानराव चादर नीट घडी करत म्हणाले. "सोमवारी लागेल."